डेनिस ब्राऊनची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेगे, म्हणजे जमैकाचं लोकप्रिय संगीत, ऐकायला लागलेली बहुतेक माणसं बॉब मार्लीपासून सुरुवात करतात आणि थोड्याच दिवसांत जमैकन गायक डेनिस ब्राऊनपाशी येऊन पोचतात. इथे मात्र त्यांचा गोंधळ उडतो. अल्बम मोजता मोजत नाहीत, एकच गाणं चार ठिकाणी चार तऱ्हेचं ऐकू येतं, आणि निर्मात्याचं नाव दर तबकडीवर वेगळं. त्या गोंधळातून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: जमैकन गायकाची कारकीर्द अल्बमच्या यादीवरून कळत नाही. ती सुट्या गाण्यांवरून आणि निर्मात्यांवरून वाचावी लागते. खालची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीभोवती फिरतात.

१. डेनिस ब्राऊन कोण? थोडक्यात सांगा.

पूर्ण नाव डेनिस इमॅन्युएल ब्राऊन. जन्म १ फेब्रुवारी १९५७, किंग्स्टन, जमैका. मृत्यू १ जुलै १९९९, तोही किंग्स्टनमध्येच, वयाच्या ४२व्या वर्षी. बाराव्या वर्षी पहिलं गाणं निघालं आणि त्यानंतर तीस वर्षं तो गातच राहिला. रॉकस्टेडी (रेगेच्या आधीचं जमैकन संगीत) नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा त्याने सुरुवात केली. रूट्स रेगेचा (भक्ती आणि समाजावरच्या गाण्यांचा) भर, लंडनचं लव्हर्स रॉक (प्रेमगीतांचा रेगे), १९८५ नंतरचे संगणकी ठेके, हे सगळे काळ त्याच्या आवाजातून गेले. प्रेमगीत आणि भक्तिगीत दोन्ही तेवढ्याच ताकदीने गाणारे गायक जमैकातही फार नाहीत. आमच्या मते त्याच्या पिढीतला तो सर्वात मोठा गायक.

२. ‘क्राऊन प्रिन्स ऑफ रेगे’ हे बिरुद कुणी दिलं?

याचं श्रेय बॉब मार्लीला देतात. ब्राऊन हा मार्लीचा आवडता गायक होता, हेही सर्वश्रुत आहे. मार्ली राजा म्हणून हा युवराज, असा त्याचा साधा अर्थ. पण यावरून ब्राऊन मार्लीचा शिष्य किंवा अनुयायी होता असं समजू नका. गाण्याच्या ढंगात तो अमेरिकन गायक नॅट किंग कोल आणि जमैकाचा डेलरॉय विल्सन यांच्या जवळचा आहे. डेलरॉय विल्सनही लहानपणीच गाजलेला गायक होता. पोरवयात स्टुडिओत जाण्याची वाट आधीच रुळलेली होती.

३. बाराव्या वर्षी रेकॉर्डिंग, हे खरं की जाहिरातबाजी?

खरं आहे. त्याचे वडील पटकथालेखक, नट आणि पत्रकार होते, त्यामुळे घरात मंचाचं वातावरण होतं. शाळेच्या वयातच तो ‘फाल्कन्स’ या मंडळींबरोबर गाऊ लागला. बायरन ली अँड द ड्रॅगनेअर्स या बँडच्या कार्यक्रमांत त्याला ‘बॉय वंडर’ म्हणून उभं करत, आणि तो प्रेक्षकांना दिसावा म्हणून बिअरच्या खोक्यांवर उभा राहून गाई.

पहिलं रेकॉर्डिंग कोणतं यावर वाद होतो, कारण दोन उत्तरं दिली जातात. आधी रेकॉर्ड झालं ते निर्माता डेरिक हॅरियटसाठी गायलेलं ‘लिप्स ऑफ वाइन’, पण ते लगेच बाजारात आलं नाही. मग कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनसाठी ‘नो मॅन इज अॅन आयलंड’ झालं आणि १९६९च्या अखेरीस ते आधी बाहेर पडलं. त्यामुळे कुणी ‘पहिलं ध्वनिमुद्रण’ म्हणतं की ‘पहिलं प्रकाशन’, ते पाहा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

‘नो मॅन इज अॅन आयलंड’ हे मूळचं त्याचं गाणं नाही. व्हॅन डाइक्स या अमेरिकन सोल गटाचं ते गाणं. त्या काळात अमेरिकन गाणं घेऊन ते रेगेच्या ठेक्यात बसवणं हा शिरस्ताच होता.

४. अजून एकही गाणं ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

सलग सगळं ऐकायच्या फंदात पडू नका. या क्रमाने जा:

‘वेस्टबाउंड ट्रेन’ आणि ‘कसँड्रा’. निर्माता नायनी द ऑब्झर्व्हर, काळ १९७३ च्या पुढचा. १९७५च्या ‘जस्ट डेनिस’ अल्बममध्ये या काळाचं सार सापडतं. इथे आवाज सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा आहे, पण गाणं पक्क्या माणसाचं.

मग ‘हिअर आय कम’. १९७७च्या ‘वुल्फ अँड लेपर्ड्स’ अल्बममधलं. मंचावर तो पुढे कायम याच गाण्याने प्रवेश करत असे.

त्यानंतर १९७८चा ‘व्हिजन्स ऑफ डेनिस ब्राऊन’. एकच अल्बम घ्यायचा असेल तर हा घ्या. निर्माता जो गिब्ज, ध्वनियंत्रणेवर एरल टॉमसन. या दोघांना ‘द मायटी टू’ म्हणत.

शेवटी ‘सिटिंग अँड वॉचिंग’ आणि ‘रेव्होल्यूशन’, दोन्ही ड्रम आणि बास वाजवणारी निर्मात्यांची जोडी स्लाय अँड रॉबी यांच्यासाठी. हे ऐकून झाल्यावर १९७२ च्या मागे जा, नाहीतर सुरुवातीची गाणी फक्त ‘लहान मुलाची’ वाटतात आणि त्यांतली समज निसटते.

५. रेगेचा ठेका कानाला कसा पकडायचा? मला सगळी गाणी सारखीच वाटतात.

चार मात्रा मोजा. आपल्या कानाला समेवर जोर असायची सवय आहे, तबला असो की ढोलकी. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात नेमकी समच रिकामी सोडलेली असते. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेचा ‘टक्’ हे दोन्ही मिळून तिसऱ्या मात्रेवर पडतात. गिटारचा तुटक ‘चक’ दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सम सापडत नाही म्हणून पहिल्यांदा ऐकणारा चाचपडतो.

आधी ड्रम सोडा आणि गिटारचा ‘चक’ धरा. तो जमला की मग बास, म्हणजे बास गिटार, ऐका. रेगेत बास नुसती साथ करत नाही, गाण्याची ओळखच तो सांगतो. एक बदल लक्षात ठेवा: १९७५ नंतर ‘रॉकर्स’ आणि ‘स्टेपर्स’ ठेके आले, त्यांत बास ड्रम जास्त वाजतो, स्टेपर्समध्ये तर चारही मात्रांवर. ‘वेस्टबाउंड ट्रेन’ आणि ‘व्हिजन्स’मधलं कुठलंही गाणं पाठोपाठ लावलं तर हा फरक कळतो.

या सगळ्यावर ब्राऊन जरासा मागे रेलून गातो. ओळीचा शेवटचा स्वर लांबवून तो हळूहळू खाली सोडतो आणि तिथे कंप देतो. ही लकब एकदा कानात बसली की शंभर आवाजांत तो ओळखू येतो.

६. त्याचे अल्बम किती? एका ठिकाणी साठ, दुसरीकडे ऐंशी लिहिलेलं असतं.

साधारणपणे ‘पंचाहत्तरच्या वर’ असं छापतात. नेमका आकडा लागत नाही, कारण मोजायचं काय यावरच एकमत नाही. ‘अल्बम’ म्हणून मिळणाऱ्या वस्तू चार प्रकारच्या असतात.

एक, खरोखर अल्बम म्हणून बांधलेले, जसा ‘व्हिजन्स’. दोन, एका निर्मात्याकडची आधी निघालेली सुटी गाणी गोळा करून केलेले. तीन, गायक पुढे गेल्यावर जुन्या निर्मात्याने उरलेली गाणी बाहेर काढून विकलेले. चार, तीच गाणी नव्या नावाने, नव्या मुखपृष्ठासह इंग्लंडात किंवा अमेरिकेत छापलेले. चौथ्या प्रकाराने यादी सर्वात जास्त फुगते.

म्हणून अल्बम विकत घेण्याआधी गाण्यांची नावं आणि प्रत्येक गाण्याची लांबी ताडून पाहा. सात-आठ गाणी सेकंदासकट जुळली तर तो अल्बम तुमच्याकडे आधीच आहे.

७. एकाच वर्षी चार निर्मात्यांकडे गाणी? त्याचा कुणाशी करार नव्हता का?

सत्तरच्या दशकातल्या किंग्स्टनमध्ये गायकाला वर्षानुवर्षं बांधून ठेवणारे करार क्वचितच असत. निर्माता गाण्यागणिक पैसे देई, आणि गायक जिथे चांगला ठेका आणि बरी बिदागी मिळेल तिथे जाई. कामाची साखळी अशी:

निर्माता स्टुडिओ तासावर घेतो आणि वादक बोलावतो. वादक बास, ड्रम, गिटार, ऑर्गन यांची साथ टेपवर उतरवतात. गायक कधी त्याच दिवशी, कधी महिनाभराने येऊन त्यावर गातो. याला ‘व्हॉइस करणं’ म्हणतात. मिश्रण झालं की एक कच्ची तबकडी कापून साउंड सिस्टीमवर (रस्त्यावर नाच-गाण्यासाठी लावायच्या मोठ्या फिरत्या स्पीकर-संचावर) वाजवतात. रस्त्यावरच्या गर्दीने ती पुन्हा लावायला लावली तर काही शे प्रती छापतात, बरेचदा कोऱ्या लेबलच्या, आणि त्या किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवरच्या दुकानांत जातात. खप दिसला की छापील लेबलची आवृत्ती निघते. रेडिओ यानंतर येतो, आणि अल्बम निघालाच तर सगळ्यात शेवटी.

ब्राऊनच्या बाबतीत १९७० ते १९७४ या काळात स्टुडिओ वन, डेरिक हॅरियट, हर्मन चिन-लॉय, फिल प्रॅट, जो गिब्ज आणि नायनी एवढी नावं येतात. हा धरसोडपणा नव्हता. प्रत्येकाकडे वादकांचा वेगळा संच होता. नायनीकडे ‘सोल सिंडिकेट’ होती, तिच्यात अर्ल ‘चिना’ स्मिथची गिटार. जो गिब्जकडे ‘द प्रोफेशनल्स’. तीच व्यक्ती गात असूनही गाण्याचा पोत बदलतो तो यामुळे. पैशांविषयी प्रश्न १२ पाहा.

८. रिडिम म्हणजे नेमकं काय? चाल आणि रिडिम एकच का?

एक नाही. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या: जात्याची घरघर तीच राहते आणि तिच्यावर प्रत्येक बाई आपली ओवी गाते. रिडिम म्हणजे ती घरघर, म्हणजे बास आणि ड्रमची टेपवरची साथ. तिच्यावर दुसरा गायक दुसरे शब्द, दुसरी चाल घेऊन येऊ शकतो. याला तिथे चोरी म्हणत नाहीत. उलट रिडिमचा लौकिक वाढतो.

‘मनी इन माय पॉकेट’च्या १९७२च्या रिडिमवर बिग यूथ या डीजेने ‘अ सो वी स्टे’ केलं. (जमैकात ‘डीजे’ म्हणजे ठेक्यावर लयीत बोलणारा. तबकडी लावणारा तो ‘सिलेक्टर’.) उलटही घडतं: ब्राऊनचं ‘प्रॉमिस्ड लँड’ हे लंडनच्या अस्वाद बँडच्या ‘लव्ह फायर’च्या रिडिमवर आहे. पुढे २०१० साली अमेरिकन रॅपर नास आणि बॉब मार्लीचा मुलगा डेमियन मार्ली यांनी ‘लँड ऑफ प्रॉमिस’मध्ये ब्राऊनचा तोच आवाज वापरला. म्हणजे रिडिम एकाचा, गाणं दुसऱ्याचं, आणि जवळजवळ तीस वर्षांनी त्यावर तिसरा.

९. ‘मनी इन माय पॉकेट’ची दोन रूपं आहेत म्हणतात. माझ्याकडचं कोणतं?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो. दोन्ही जो गिब्जच्या घरचीच, म्हणून लेबल पाहून गोंधळ मिटत नाही.

पहिलं १९७२चं. तेव्हा ब्राऊन पंधरा वर्षांचा होता. आवाज बारीक, वरच्या पट्टीत थोडा ताणलेला. साथ सुटसुटीत, सगळा आवाज मधोमध कोंबल्यासारखा.

दुसरं १९७८ साली नव्याने गायलेलं. आवाज भरलेला, बास जाड आणि खोल, वाद्यं एकमेकांपासून मोकळी. इंग्लंडच्या खपाच्या यादीत १९७९ साली चौदाव्या क्रमांकापर्यंत गेलं ते हे. बारा इंची तबकडीवर गाणं संपल्यावर ठेका चालूच राहतो आणि प्रिन्स मोहम्मद त्यावर बोलू लागतो. हा प्रिन्स मोहम्मद म्हणजेच पुढे गायक म्हणून नाव कमावलेला जॉर्ज नूक्स.

तेव्हा गाण्यात डीजेचा भाग असेल तर दुसरं, हे नक्की. नसेल तर आवाजाच्या वयावर जा. तबकडीवर छापलेल्या सालावर अवलंबून राहू नका, कारण पुनर्मुद्रणावर बरेचदा पुनर्मुद्रणाचंच साल असतं. याखेरीज मंचावरची रेकॉर्डिंग्ज आहेत, त्यांत १९७९ सालच्या स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो महोत्सवातलं प्रसिद्ध आहे. ते टाळ्यांवरून लगेच कळतं.

१०. सात इंची तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्याचा आवाजच नाही. छपाई चुकली आहे का?

नाही. ती ‘व्हर्जन’ बाजू आहे. साधारण १९७० पासून जमैकात पहिल्या बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याची आवाज काढून टाकलेली साथ, ही पद्धत रुळली. साउंड सिस्टीमवरच्या डीजेला बोलायला मोकळा ठेका मिळतो आणि निर्मात्याचा दुसऱ्या गाण्याचा खर्च वाचतो. ध्वनियंत्री त्यात बास पुढे आणतो, मध्येच गाण्याचा एखादा शब्द सोडून देतो आणि प्रतिध्वनीत विरघळवतो. डब हा प्रकार यातूनच जन्मला. ब्राऊनच्या एका अर्ध्या शब्दाचा तुकडा तरंगत जाऊन नाहीसा होतो, ती जागा मूळ गाण्याइतकीच सुंदर असते. दुसरी बाजू वगळू नका.

११. जमैकन सात इंची तबकडी माझ्या टर्नटेबलवर डगमगते, सूर वरखाली होतो. काय करू?

तीन कारणं असतात, आणि प्रत्येकावर इलाज वेगळा.

भोक मोठं आहे. या तबकड्यांचं भोक सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं आणि टर्नटेबलची खुंटी जेमतेम ७ मिलिमीटरची. मध्ये अडॅप्टर लागतो. गती ४५ वर ठेवा.

भोक मधोमध पाडलेलं नाही. जमैकन छपाईत हे नेहमीचं. लक्षण: गाणं एका लयीत वर-खाली हेलकावतं, आणि टोनआर्मकडे (सुई धरणाऱ्या दांड्याकडे) बाजूने पाहिलं तर तो प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुलतो. इथे मोठं भोक उपयोगी पडतं. अडॅप्टर काढून टाका, तबकडी नुसती मॅटवर ठेवा, शेवटच्या मोकळ्या खाचेवर सुई ठेवून आर्म कोणत्या बाजूला झुकतो ते पाहा. सुई उचला, तबकडी बोटाने केसभर उलट दिशेला सरकवा, परत पाहा. चार-पाच खेपांत झुलणं थांबतं आणि सूर सरळ होतो.

तबकडी वाकलेली आहे. मग आर्म डावी-उजवीकडे न जाता खाली-वर होतो. थोडा वाक असेल तर तसंच ऐका. उन्हात किंवा इस्त्रीखाली ठेवून सरळ करू नका. खाचा वितळतात आणि तबकडी कायमची जाते.

पार्श्वभूमीला सतत खरखर असेल तर आधी ऊर्धपातित पाण्याने आणि मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसा. त्याने फरक पडला नाही तर ती खरखर छपाईतलीच आहे. तिथे जुनं व्हिनाइल वितळवून पुन्हा वापरत. ती धुऊन जात नाही. सुईचा भार उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेबाहेर वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

१२. एवढी गाणी गाजली, मग त्याला मानधन मिळालं का?

बहुतेक गाण्यांचे पैसे एकरकमी. गायलं, हातावर रक्कम पडली, विषय संपला. त्यानंतर ती तबकडी पाचशे खपली की पन्नास हजार, याचा हिशेब गायकापर्यंत पोचण्याची सोय नव्हती. गीतकार म्हणून लेबलवर निर्मात्याचंच नाव छापलं जाणं हेही सर्रास होतं, आणि पुढच्या काळात खरे पैसे त्या नावावर येतात.

कायद्याने फार काळ हात दिला नाही. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा १ सप्टेंबर १९९३ ला लागू झाला. त्याआधी तिथे ब्रिटिशांचा १९११चा कायदा चालत होता. म्हणजे ब्राऊनच्या कारकिर्दीची पहिली चोवीस वर्षं जुन्या कायद्याखाली गेली. पुढे २०१५च्या दुरुस्तीने संरक्षणाची मुदत ५० वरून ९५ वर्षांवर नेली. वारसांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, पण हक्क ज्याच्या नावावर नोंदला आहे त्यालाच तिचा फायदा होतो. गाण्याखाली कुणाचं नाव आहे, हा प्रश्न म्हणून आजही धगधगता आहे.

१३. मग तो एवढं का गात राहिला? दर्जा घसरला नाही का?

एकरकमी बिदागीवर घर चालवायचं तर नवं गाणं गायला हवं, हे उघड आहे. ऐंशीच्या दशकात त्याची काही गाणी नुसती उरकलेली वाटतात, हे मान्य करायला हवं. पण आवाज त्याला सोडून गेला नाही. कमकुवत ठेक्यावरही एखादी तान अशी येते की थांबून ऐकावं लागतं. तेव्हा त्या काळातले अख्खे अल्बम न घेता सुटी गाणी वेचा.

१४. डीईबी लेबल (तबकड्या काढणारी कंपनी) त्याचं स्वतःचं होतं का?

हो. डी, ई, बी ही त्याच्याच नावाची आद्याक्षरं. दुसऱ्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा निर्माता आपणच व्हावं, हा विचार त्यामागे होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात लंडन आणि किंग्स्टन अशा दोन्हीकडे पाय ठेवून हे काम चाललं. गायक ज्युनियर डेलगाडो आणि लंडनच्या शाळकरी मुलींचं त्रिकूट ‘१५, १६, १७’ यांची गाणी तिथून निघाली. त्रिकुटाचं नाव म्हणजे त्या मुलींची वयं. लव्हर्स रॉक समजून घ्यायचं असेल तर हे लेबल धुंडाळाच.

१५. मोठ्या अमेरिकन कंपनीत गेल्यावर तो जगभर का गाजला नाही?

मे १९८१ मध्ये मार्ली गेला. त्याच वर्षी ब्राऊनचा ए अँड एम कंपनीकडून अल्बम आला. तिथे ‘फाउल प्ले’ (१९८१), ‘लव्ह हॅज फाउंड इट्स वे’ (१९८२) आणि ‘द प्रॉफेट राइड्स अगेन’ (१९८३) असे तीन अल्बम झाले. त्यांतलं ‘लव्ह हॅज फाउंड इट्स वे’ इंग्लंडच्या यादीत ४७ व्या क्रमांकापर्यंत चढलं.

आमचं मत असं: कंपनीला अमेरिकन रेडिओवर चालेल असं गुळगुळीत सोल हवं होतं, आणि ब्राऊनची ताकद बासच्या आणि आवाजाच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. ती जागाच वाद्यांनी भरून टाकली. गाणी वाईट नाहीत. ‘लव्ह हॅज फाउंड इट्स वे’ तर फारच गोड आहे. पण ती कुणाचीही असू शकली असती. त्याच सुमारास स्लाय अँड रॉबीसाठी गायलेली गाणी शेजारी लावून पाहा.

१६. डबप्लेट म्हणजे काय? त्याच्या गाण्यात मध्येच कुणाचंतरी नाव येतं ते का?

अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा थर असतो, त्यावर गाणं थेट कापतात. आकार बहुधा दहा इंची. थर मऊ असल्यामुळे दर वेळी सुई त्याला थोडं खरवडते आणि काही डझन वेळा वाजवल्यावर आवाज विझत जातो. ही प्रत विक्रीसाठी नसते, एकाच साउंड सिस्टीमसाठी असते.

‘स्पेशल’ त्याहून पुढची गोष्ट. गायक आपलं गाजलेलं गाणं त्या साउंडसाठी पुन्हा गातो आणि शब्दांत त्या साउंडचं नाव गुंफतो. दोन साउंडची जुगलबंदी लागते तेव्हा असं स्पेशल हुकमी पान ठरतं. ब्राऊनने अशी स्पेशल्स बरीच गायली आणि गायकाच्या दृष्टीने ते रोख उत्पन्नाचं साधन होतं. ऑनलाइन ऐकताना मध्येच अनोळखी नाव आलं तर ते स्पेशल समजा आणि मूळ गाणं वेगळं शोधा.

१७. ‘जोसेफ’ हे त्याचं दुसरं नाव होतं का?

तो रास्ताफारी या जमैकन धर्मपंथातल्या ‘ट्वेल्व्ह ट्राइब्ज ऑफ इस्राएल’ या शाखेत होता. तिथे प्रत्येकाला जन्ममहिन्यावरून बारा वंशांपैकी एक नाव मिळतं. फेब्रुवारी म्हणजे जोसेफ. मार्लीचा जन्मही ६ फेब्रुवारीचा, म्हणून तोही जोसेफच. ‘जोसेफ्स कोट ऑफ मेनी कलर्स’ या १९७९च्या अल्बमचं नाव यातूनच आलं.

१८. संगणकी ठेके आल्यावर जुने गायक मागे पडले. त्याचं काय झालं?

१९८५ साली निर्माता प्रिन्स जॅमीने वेन स्मिथच्या आवाजात ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढलं. कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर अख्खं गाणं उभं राहिलं आणि बँडचा खर्चच गेला. गायकांपेक्षा डीजेंना मागणी वाढली. ब्राऊन तरीही टिकला, कारण नव्या ठेक्यावर बसण्यासाठी त्याने गायकी बदलली नाही. जॅमीसाठी तो गायलाच, आणि १९८९च्या सुमारास निर्माता गसी क्लार्कच्या स्टुडिओत गायक ग्रेगरी आयझॅक्सबरोबरचं ‘बिग ऑल अराउंड’ झालं. आयझॅक्सचा आवाज थंड, गुरगुरणारा. ब्राऊनचा उबदार. त्या दोघांच्या जोडीचं ‘जज नॉट’ही ऐका.

१९. त्याचा मृत्यू कशाने झाला? तो कुठे पुरला आहे?

ब्राझीलच्या दौऱ्यावर असताना श्वसनाचा त्रास झाला. परतल्यावर किंग्स्टनच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. अधिकृत कारण फुप्फुस आक्रसून मिटणं (कोलॅप्स्ड लंग) हे दिलं गेलं. १७ जुलै १९९९ रोजी नॅशनल एरिनामध्ये अंत्यविधी झाला आणि त्याला नॅशनल हीरोज पार्कमध्ये दफन केलं, जिथे देशाच्या राष्ट्रीय वीरांची स्मारकं आहेत. २०११ साली जमैका सरकारने त्याला मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा राष्ट्रीय सन्मान दिला. जमैकात फेब्रुवारी ‘रेगे महिना’ म्हणून पाळतात. त्याचा आणि मार्लीचा वाढदिवस एकाच महिन्यात येतो, हे त्याचं कारण.

२०. स्ट्रीमिंगवर एकच गाणं दहा ठिकाणी दिसतं. मूळ कोणतं हे कसं ओळखू?

पहिली खूण लांबी. सत्तरच्या सुरुवातीचं सात इंची गाणं अडीच ते साडेतीन मिनिटांचं असतं. सहा-सात मिनिटांचं असेल तर ते बारा इंची ‘डिस्कोमिक्स’, म्हणजे गाणं आणि त्यालाच जोडलेला डीजेचा किंवा डबचा भाग. दुसरी खूण ड्रम. १९७३च्या गाण्यात यंत्रातून आल्यासारखा एकसुरी, कोरडा ड्रम ऐकू आला तर ते नंतर पुन्हा गायलेलं रूप आहे. तिसरी खूण माहितीतलं निर्मात्याचं नाव: तिथे नायनी, जो गिब्ज, डेरिक हॅरियट अशी नावं असतील तर बहुधा बरोबर जागी आलात. निव्वळ ‘बेस्ट ऑफ’ म्हणून निघालेल्या, निर्माता न सांगणाऱ्या संग्रहांपासून लांब राहा. ‘मनी इन माय पॉकेट’साठी मात्र या खुणा पुरत नाहीत, त्यासाठी प्रश्न ९.

२१. महाराष्ट्रात किंवा गोव्यात हे संगीत साउंड सिस्टीमवर ऐकायला मिळतं का?

गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ हा रेगे महोत्सव २०१६ साली सुरू झाला. दिल्लीच्या ‘रेगे राजाज’ मंडळींनी तो उभा केला. जायचा विचार असेल तर त्या वर्षीच्या तारखा आधी पाहून घ्या.

घरी ऐकायचं तर एकच आग्रह: मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. बास गिटारची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि मोबाईलचा बोटभर स्पीकर तिथवर उतरतच नाही. म्हणजे तुम्हाला गिटारचा ‘चक’ आणि आवाज एवढंच ऐकू येतं, रिडिम गायबच होतो. कान झाकणारा साधा हेडफोन लावा, किंवा आठ इंची वूफर असलेली जुनी म्युझिक सिस्टीम. ट्रेबल थोडा कमी करा, बास मधल्या खुणेच्या किंचित वर ठेवा, आणि ‘हिअर आय कम’ लावा.